पान चुकेल त्या दिवशी

तानाजीरावांच्या दोन्ही तळव्यांना पट्ट्या होत्या, म्हणून मालनबाई त्यांना बशीतून चहा पाजत होत्या. समोर मुलगा सर्वेश बसला होता. बाबांना भाजल्याचं कळताच तो ठाण्याहून निघाला होता, पण निघताना गाडीची डिकी रिकामी करायला विसरला नव्हता. चेहऱ्यावर काळजी होती, आणि काळजीच्या आड थोडा विजयही होता.

"मग बाबा, आजचं पान?"

तानाजीरावांनी पट्ट्यांकडे पाहिलं. "नाही झालं."

एवढ्याशा उत्तरात मोहने गावातलं हे राहतं घर जाणार होतं.

तानाजीराव ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. आत प्रवासी असोत नसोत, गाडी वेळेवर सुटली पाहिजे, हा त्यांचा धर्म. निवृत्त झाल्यावर ते ऐतिहासिक कादंबरी लिहायला बसले, तेही त्याच शिस्तीत. सकाळची अंघोळ झाली की एक पान. पान वेळेवर सुटायचं. आत प्रवासी क्वचितच असायचे. दोन पावसाळे झाले, कादंबरीतला सरदार गडाच्या दरवाजात घोड्याला थोपटत उभा होता. पागेचं वर्णन झालं होतं, दारूगोळ्याचं झालं होतं. पगडीचं चालू होतं.

होळीच्या सुमाराला घरामागच्या टेकडीचं गवत दरवर्षीच पेटतं. यंदा मात्र वणवा हटेना. एकीकडे विझवावा तर दुसरीकडे पेटायचा. धूर खाली उतरायचा, तारा तुटायच्या, लाइट जायची ती दुसऱ्या दिवशी आली तर आली. पंखा बंद, पाण्याची मोटर बंद, धुरामुळे खिडक्याही बंद. तानाजीराव ओला पंचा खांद्यावर टाकायचे, टेबल दाराच्या फटीशी सरकवायचे आणि पगडीचं वर्णन पुढे न्यायचे. राख कागदावर पडली की फुंकर मारायची. घामाने शाई पसरली की तेवढा शब्द पुन्हा लिहायचा.

मालनबाईंचाही एक नेम होता. नवऱ्याचं पान झालं की त्या सर्वेशला फोन करून गाऱ्हाणं मांडायच्या. खोकला जात नाही, वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते, तुझे बाबा हलत नाहीत आणि त्यांचा सरदारही हलत नाही. लाइट नसेल तेव्हा त्या नाक्यावर पंढरीच्या रिक्षात मोबाइल चार्ज करायला बसायच्या. गिऱ्हाईक आलं तर उतरायच्या नाहीत, त्याच्यासोबत स्टेशनपर्यंत जाऊन परत यायच्या. गाऱ्हाण्यात खंड पडू दिला नाही. नवऱ्याच्या नेमाला मात्र त्या हट्ट म्हणायच्या.

आई आपल्या बाजूची आहे, असा हिशेब सर्वेशने मांडला. त्याच्याकडे लिफ्ट होती, जनरेटर होता, धूर नव्हता. त्याने बाबांच्या मागे टुमणं लावलं. शेवटी तानाजीरावांनी निकाल दिला, तोही नियंत्रकासारखा. धुरात, अंधारात पान होतंय तोवर आम्ही इथे. ज्या दिवशी पान होणार नाही त्या दिवशी बॅग भरू. मग हे घर भाड्याने द्या नाहीतर विका, मी बोलणार नाही.

आज सकाळी ते पेनाचं टोपण काढत होते, तेवढ्यात आग टेकडी उतरून मागच्या कुंपणापाशी आली. बाया बादल्या घेऊन धावल्या, बाप्ये ओली गोणपाटं आणि हिरव्या फांद्या घेऊन. तानाजीरावही गेले. शेजारच्या सखुबाईच्या शेळ्या गोठ्यात अडकल्या होत्या. त्यांनी तापलेलं पत्र्याचं दार दोन्ही हातांनी ओढलं. शेळ्या सुटल्या, तळवे भाजले. पंढरीने त्यांना रिक्षातून दवाखान्यात नेलं. मालनबाई सोबत गेल्या नाहीत. मागे अजून धुमसतंय, घर उघडं कसं टाकू, म्हणाल्या. ते सगळ्यांना पटलंही.

"मालन, बॅग काढ," तानाजीराव आता म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द."

मालनबाईंनी बशी विसळून जागेवर ठेवली. "पान झालंय," त्या म्हणाल्या.

ते टेबलावरच होतं. सर्वेशने मोबाइलच्या उजेडात वाचलं. अक्षर आईचं होतं. पहिल्या ओळीत सरदार घोड्यावर बसला, तिसरीत लढाईला तोंड लागलं, आणि पान संपायच्या आत तो जिंकून घरी जेवायला आला होता.

तानाजीराव हादरले. "अगं, अजून गडाला वेढासुद्धा पडला नव्हता."

"मग उद्या पाडा."

सर्वेशने हरकत घेतली. पान बाबांनी लिहायचं होतं. असं कधी ठरलं होतं, असं मालनबाईंनी त्यालाच विचारलं. दोघांनीही तानाजीरावांकडे पाहिलं. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, पगडी राहिली होती. पण नोकरीभर नियम लावलेला माणूस. त्यांनी विचार केला आणि सांगितलं की ड्रायव्हर बदलला तरी गाडी सुटली असंच धरतात.

सर्वेशने पान खाली ठेवलं. तो चिडला नव्हता, गोंधळला होता. "आई, रोज फोन करून तूच सांगतेस ना? धूर, लाइट, बाबांचा हट्ट. मला वाटलं तुलाच यायचंय."

मालनबाईंनी नवऱ्याच्या खांद्यावरचा पंचा काढला, झटकला, घडी केली.

"इथून फोन केला की अर्धा-अर्धा तास बोलतोस रे माझ्याशी," त्या म्हणाल्या. "दिवाळीत तुझ्या घरी महिनाभर राहिले, तेव्हा कधी एवढा बोललास?"