डोंगराकडची बाजू

सुट्टीचे दोन दिवस सेनादा आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला, मेरिमाला, सारायेवो पायी दाखवत होती. नदीकाठानं चालताना सेनादा सारखी बाजू बदलत होती.

"आई, किती मधेमधे येतेस गं! धड चाल ना!"

"माझी आईसुद्धा अशीच चालायची. मला वाटायचं, खेळच आहे."

"मग?"

"युद्धात शहराला वेढा पडला होता तेव्हा. इथंच. डोंगरावरून गोळी आली. तिच्या मानेतलं रक्त माझ्या तोंडावर उडालं, तेव्हा कळलं, ती सारखी डोंगराच्या आणि माझ्या मधे येत होती."

मेरिमानं मान वर करून डोंगराकडे पाहिलं. पुढच्या पुलाशी तिनं हात सोडवून घेतला आणि पळत आईच्या पलीकडे, डोंगराच्या बाजूला आली.

"आता माझी पाळी."

आजवर कधी बोटही न लावलेल्या लेकीला सेनादानं खसकन मागं ओढलं आणि थोबाडीत मारली.