टेपमधल्या बाई

लांजीपलीकडच्या जंगलातल्या शाळेत कालिंदीबाई एकट्याच शिक्षिका. त्या वर्गात पाचवीला शिकवायच्या, तेव्हा व्हरांड्यातल्या दुसरीच्या पोरांना टेपरेकॉर्डर सांभाळायचा. बाईंनीच बालाघाटला घरी बसून कॅसेटमध्ये आपल्या आवाजात पाढे भरले होते. आधी प्रश्न, मग पोरांच्या उत्तरापुरती शांतता, मग 'शाब्बास'. पोरं टेपवर खूश होती.

त्या दुपारी फळ्यावर लिहिताना बाईंना बाहेरून आपलाच आवाज ऐकू आला.

"नाही, महागू. सहा चोक चोवीस. पुन्हा सांग."

खडू थांबला. टेपमध्ये त्यांनी कुणाचंच नाव घेतलं नव्हतं. महागू तर परवाच शाळेत आला होता.

त्या व्हरांड्यात आल्या. एकाही पोरानं मान वळवली नाही. नीट ऐकायला त्या सगळ्यांच्या मागे टाटपट्टीवर बसल्या आणि शेजारच्या प्राचीला हळूच म्हणाल्या, "टेप बंद कर गं."

प्राचीनं ओठांवर बोट ठेवलं. "चूप राह्य ना. बाई शिकवून राह्यल्या."

टेप मधेच गप्प झाला. कॅसेट मात्र फिरत होती.

"मागं कोण बोललं? कालिंदी, उभी राहा."

सगळी पोरं वळून बघू लागली.

कालिंदी उभी राहिली.