कमरेइतकी जाळी

मागे दोन हात लोळणारा गाऊन अंगावर चढवून नवरी हट्ट धरून बसली होती, डोक्यावरची जाळी कमरेइतकीच हवी.

"अगं, विजोड दिसेल ते!" गाऊन शिवणाऱ्या मावशी वैतागल्या. लांब जाळ्या त्यांनी सात दाखवल्या होत्या. "तुझं अडतंय तरी कुठे?"

"चाकात अडकेल, मावशी. नवऱ्यापर्यंत मला बाबाच नेणार आहेत."

दारात व्हीलचेअरवर बसलेले बाबा लेकीकडे कौतुकानं बघत होते.

मावशी वरमल्या. "आणि गाऊनचा हा घोळ?"

"तो मी धरीन की हातात."

"एका हातात बाबांचा हात, दुसऱ्यात फुलं. घोळ काय दातात धरणार?"

पंधरा दिवस खपून लेस लावलेल्या त्या घोळापाशी मावशी गुडघ्यांवर बसल्या आणि "हलू नकोस गं," म्हणत त्यांनी कात्री लावली.