गच्चीचा मतदारसंघ

मुळीक सरांनी घराचा नकाशा काढला आणि लाल पेनाने त्याचे तीन मतदारसंघ पाडले: स्वयंपाकघर, ओसरी, गच्ची.

नातीला शिकायला पुण्याला पाठवायचं का, यावर नुसते हात मोजले असते तर नागरिकशास्त्राचे हे निवृत्त शिक्षक हरले असते. नातीसकट चार बायका होकाराच्या, विरोधात ते आणि दोन मुलगे. म्हणून त्यांनी नियम केला, की रविवारी दहाच्या ठोक्याला जो जिथे असेल तो तिथला मतदार, आणि एका मतदारसंघाचं मत एकच. त्या वेळी बायका स्वयंपाकघर सोडत नाहीत, हे त्यांना पाठ होतं.

रविवारी थोरल्याला शेजारी घेऊन सर ओसरीवर बसले, धाकट्याला गच्चीवर धाडलं. दहाला दोन मिनिटं असताना दोन्ही सुना कुरडयांचा चीक नि सोऱ्या घेऊन गच्चीवर गेल्या. हरकत घ्यावी तर नियम स्वतःचाच. गच्ची दोनास एक गेली, स्वयंपाकघर बिनविरोध.

"हे डोकं कुणाचं?" सरांनी विचारलं.

"अहो," चहाचा कप पुढे ठेवत बायको म्हणाली, "तीस वर्षं तुमचे पेपर कोण तपासत होतं?"