माशाचं लंघन

टाकीतले बाकीचे मासे मजेत फिरत होते. सोनेरी मासा मात्र पोट वर करून तरंगत होता. मुलगा जाळी घेऊन आला, तशा कुमुदकाकू कडाडल्या, "थांब रे! कल्ले हलतायत त्याचे. पोट बघ कसं टम्म फुगलंय!"

जो तो येताजाता चिमूटभर खाणं टाकायचा. सगळ्यांत मोठी चिमूट काकूंची. त्यांच्या दारातून पोस्टमनसुद्धा कधी उपाशी गेला नव्हता.

"याला आता लंघन," काकूंनी फर्मान काढलं आणि खाण्याचा डबा कपाटात कुलूपबंद केला. मासा काचेशी तोंड उघडायचा; काकूंच्या घशाखाली घास उतरेना.

तिसऱ्या दिवशी मासा सरळ होऊन इतरांबरोबर सळसळत निघाला. काकूंनी शेजारणीला हाताला धरून आणलं.

"बघ! उपाशी राहून बरा झालेला माझ्या घरातला हा पहिलाच!"