तीस फूट

जूनच्या तिसऱ्या शनिवारी, ऊन चढायच्या आत, एलोदिया सान पेद्रो नदीच्या पात्रात उतरली. गळ्यात दोरीला बांधलेला जीपीएस, हातात फळीला लावलेला कागद. पाऊस अजून लांब होता आणि वर्षातले सगळ्यांत कोरडे दिवस हेच. अशाच एका दिवशी खोऱ्यातली शंभरेक माणसं आपापल्या वाट्याची नदी चालत जायची आणि कुठं पाणी आहे, कुठं नाही, ते लिहून आणायची. एलोदियाच्या वाट्याला घरच्या रानाला लागून असलेले तीन मैल होते. ते ती अकरा वर्षं चालत होती, आणि अकराही वर्षं तिनं एकच शब्द लिहिला होता: कोरडी.

यंदा तिच्या मागोमाग थोरला भाऊ चेमाही उतरला. तुझा गुडघा मध्येच धरला तर उचलून कोण आणणार, असं त्यानं कारण सांगितलं. खरं कारण दोघांनाही ठाऊक होतं. जमिनीखालचं पाणी उपसलं नाही तर नदी परत येईल, असं म्हणत तीन वर्षांपूर्वी एलोदियानं हट्टच धरला म्हणून त्यानं काठावरचा मोठा पंप बंद केला होता आणि चाळीस एकर लसूणघास डोळ्यांदेखत वाळू दिला होता. शेजारी त्याला अजून हसत. गेल्या महिन्यात जेवता जेवता तो म्हणाला होता, की या जूनमध्येही नदी कोरडीच निघाली तर सप्टेंबरात रान नांगरून तो पुन्हा घास पेरणार. एलोदियानं वाद घातला नव्हता. तीन वर्षं काही थोडी नव्हती.

चेमा चालता चालता बोलत होता. दोन पुरुष उंच दरडीच्या माथ्यावरून लोंबणारी मुळं दाखवून त्यानं सांगितलं, की पणजोबांच्या वेळी नदी त्या मुळांच्याही वर, रानाच्या पातळीला वाहायची. बीव्हर नावाच्या पाणप्राण्यांनी जागोजागी काटक्यांचे बांध घातलेले असत आणि सगळीकडं नुसती दलदल. मग बीव्हर मारून संपवले, गुरं वाढली, गवत उरलं नाही, आणि एका पुरात नदी तळ खरवडत खाली उतरली ती उतरलीच. एलोदियानं हे लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं. बीव्हर मारणाऱ्यांत पणजोबाही होते, हे मात्र तो आज पहिल्यांदाच बोलला.

नदी ओलांडायच्या जुन्या उताराजवळ आलामोच्या झाडांची सावली होती. तिथं आधी मधमाश्या दिसल्या. वाळूवर बसत होत्या, उठत होत्या. पुढं वाळू काळपट झाली, पायाखाली दबायला लागली, आणि मग पाणी दिसलं. घोट्याएवढं, पण सरकत होतं. त्यात बोटभर लांबीचे मासे तोंडं प्रवाहाकडं करून उभे होते.

चेमानं टोपी काढली, परत घातली. मग काठाकाठानं पावलं मोजत गेला आणि पलीकडून चौतीस फूट भरल्याचं सांगितलं.

"पावलं बघ तुझी," एलोदिया म्हणाली. "नव्या नवरीसारखी टाकतोयस."

सलग तीस फूट पाणी असलं तरच 'ओली' लिहायचं, असा नियम होता. तिनं पिशवीतून टेप काढला, एक टोक त्याच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन ती पाण्याच्या शेवटापर्यंत गेली. बावीस भरले. त्यानं पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा बावीसच.

मग चेमा हटून बसला. थोडं खाली अजून एक डबकं होतं. मधली वाळू ओलीच आहे, दोन्ही मिळून धर, असं त्याचं म्हणणं. त्यानं बुटाच्या टाचेनं मधल्या वाळूत चर ओढला. पाणी खरंच त्यातून पुढं झिरपलं. तो तुझा पाट झाला, नदी नव्हे, असं एलोदियानं त्याला सांगितलं.

"इथं कोण येतंय बघायला?"

"मी आलेय ना."

तिनं पेन उघडलं खरं, पण हात लगेच चालेना. 'ओली' लिहिलं तर पंप बंद राहणार होता. आठच तर फूट कमी. अकरा वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो लिहायला कुणी अडवणारही नव्हतं. पण त्या शब्दावर उद्या तिचाच विश्वास बसला नसता. तिनं 'कोरडी' लिहिलं. शेजारच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात जोडलं: बावीस फूट, मासे आहेत.

चेमानं तिच्या खांद्यावरून वाचलं. मग तो आडव्या पडलेल्या ओंडक्यावर बसला आणि बुटांचे बंद सोडायला लागला. मोजे काढून त्यानं आपले पांढरेफटक पाय पाण्यात सोडले. मासे पांगले. जरा वेळानं एक परत आला आणि त्याच्या अंगठ्याला तोंड लावून बघायला लागला. मग आणखी दोन आले. चेमा अंगठा हलू देत नव्हता.

अजून दोन मैल राहिले होते आणि ऊन दरडीवरून खाली सरकायला लागलं होतं. एलोदिया त्याच्याशेजारी बसली. तिनं पिशवीतले राजम्याचे बुरितो काढले, एक त्याला दिला. दोघांनी खाल्लं. सप्टेंबरचं विचारावं की नाही, हे तिचं ठरत नव्हतं.

चेमानं बोटं पुसली.

"आठ फुटांसाठी," तो माशांकडं बघत म्हणाला, "कोण नांगर बाहेर काढत बसणार."