दोन कॉर्डचं गाणं

फळ्यावरचं दुसरं गाणंही संगीताच्या बाईंनी डस्टरने पुसून टाकलं, तेव्हा रेडिओच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या जागी त्यांनी जे लिहिलं ते सगळ्यांत संथ होतं. दोन कॉर्ड, एक ठेका, सुरुवातीपासून शेवटापर्यंत तेच. असलं गाणं तर पाळण्यातलं पोरही वाजवील.

रेडिओ म्हणजे गाड्यांच्या शोरूममधला विक्रेता. एकदा बोलायला लागला की बंद होत नाही, म्हणून तिथल्या लोकांनी हे नाव पाडलेलं. शाळेच्या नवशिक्या रॉक बँडला ड्रम वाजवणारं मूल मिळालं नव्हतं, आणि रिकाम्या वाद्यावर पालक बसवायचा ही या शाळेची जुनी पद्धत. कॉलेजात असताना रेडिओने ड्रम बडवले होते. त्याने लगेच हात वर केला.

खरं कारण वेगळंच होतं. बदलीच्या गावी काही वर्षं काढून तो परत आला, तर लेक बापाशी ‘हो’, ‘नाही’, ‘जेवले’ यापलीकडे बोलेनाशी झालेली. ती बँडमध्ये गिटार वाजवायची. आता तालमीच्या दिवशी बाप-लेक एका खोलीत असत, येता-जाता स्कूटरवर चार वाक्यं तरी होत. वार्षिक कार्यक्रमात पोरीच्या मागे बसून ड्रम वाजवायचा, लोकांनी म्हणायचं की हे बाप-लेक बघा, एवढंच त्याला हवं होतं. आणि ते असल्या रटाळ गाण्यावर? छे!

त्याच्या मते सगळा घोळ चष्मेवालीचा होता. की-बोर्डवरची ही मुलगी कायम मागे राहायची. रेडिओ जरा रंगात आला की हिची बोटं थबकायची, मग बाकीचेही अडखळायचे. गाणं संपायचं तेव्हा रेडिओ सगळ्यांच्या आधी पोचून वाट बघत बसलेला असायचा. अरे, पळा की जरा, असं तो हसत म्हणायचा. मुलं त्याच्या हातांकडे टक लावून बघत राहायची. पोरांना कौतुक वाटतं माझं, असं तो घरी येऊन बायकोला सांगायचा. वाटत असेल, असं म्हणून बायको कपड्यांच्या घड्या घालत राहायची.

त्या दिवशी तालीम संपल्यावर त्याने बाईंना दारातच गाठलं. आधी ते वेगवान, वादळी गाणं काढलं, मग मध्यम लयीचं काढलं, आता हे काय चालवलंय, असं एका दमात विचारलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, की नवीन बँडला त्या गाणं देतात ते सगळ्यांत कच्च्या हाताला झेपेल असं. आणि तो हात कुणाचा, ते कधीच सांगत नाहीत.

“का नाही सांगत?”

“सांगितलं की वाजवणंच सुटतं.” बाई कपाटाला कुलूप लावत म्हणाल्या.

एकासाठी बाकी सगळ्यांना शिक्षा! हा कुठला न्याय? स्कूटर सुरू करतानाही रेडिओ धुमसत होता. शोरूममध्ये एकाला गाडी विकता येत नाही म्हणून बाकीच्यांनी सायकली विकायच्या का? मग एकदम त्याला आठवलं. बोलताना बाई आपली नजर चुकवत होत्या. कच्चा हात आपल्याच लेकीचा तर नसेल?

घरी पोचल्यावर त्याने तिला वादळी गाणं वाजवून दाखवायला सांगितलं. तिने आढेवेढे घेतले, पण शेवटी पलंगावर बसून सबंध वाजवलं. एक जागा चुकली नाही. रेडिओचा जीव भांड्यात पडला, आणि लगोलग संताप दुप्पट झाला. इतकं छान वाजवणारी पोर, आणि तिला दोन कॉर्डवर डांबून ठेवायचं!

“तुला राग नाही येत?” त्याने विचारलं.

“सवय झालीय,” म्हणत तिने गिटार पिशवीत घातली.

पुढच्या तालमीला तो ड्रमवर बसलाच नाही. मुलांसमोर उभा राहून त्याने तोंडाचा पट्टा सोडला. कार्यक्रमात आपलं हसं होणार, मेहनत करणाऱ्यांनी कुणाच्या तरी पायी मागे राहायचं हा सरळसरळ अन्याय आहे, आणि बाईंना वाईटपणा घ्यायचा नसेल तर तो आपण घेऊ. बोलताना चष्मेवालीकडे बघायचं त्याने कटाक्षाने टाळलं. तेवढी माणुसकी होती त्याच्यात.

“ज्याला जमत नाही त्याने बाजूला व्हावं,” तो म्हणाला. “आणि ते मुलांनाच ठरवू द्या.”

बाईंनी विचारलं, “नक्की?”

“अगदी नक्की. मी बाहेर थांबतो. माझं दडपण नको.”

बाहेर व्हरांड्यात तो येरझाऱ्या घालत राहिला. आत आवाज चढले नाहीत. कुणीतरी मुसमुसत होतं, ते मात्र ऐकू आलं, आणि रेडिओच्या मनात चर्र झालं. पण इलाज नव्हता. कधीतरी कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

दार उघडून लेक बाहेर आली. तिचे डोळे लाल झाले होते.

वादळी गाणं घेतलं का, असं त्याने विचारलं. तिने होकारार्थी मान हलवली. सगळ्यांच्या मताने? तिने पुन्हा मान हलवली. रेडिओला तिला उचलून गोल फिरवावंसं वाटलं. पण आत एक पोर रडतेय हे आठवून त्याने आवाज खाली आणला. म्हणाला, बिचारीला मीच समजावतो, पुढच्या वर्षी नक्की घेऊ म्हणून सांगतो. आणि तो दाराकडे वळला.

लेकीने त्याची बाही धरली.

“बाबा, ती कुठेच चालली नाहीये. आजपासून ड्रमवर ती बसणार आहे.”